केगाव ते पाषाण : स्फोटकांच्या मागावरची वाटचाल

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या वाट्याला एकच जिल्हा आला. तोवर इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि शहराबाहेर, पुणे रस्त्यावरच्या केगावला, त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. त्याच केंद्राचे विद्यापीठ झाले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. एवढ्या लहान कार्यक्षेत्राच्या विद्यापीठात संशोधन ते कशाचे होणार, असे वाटणे साहजिक होते. त्याचे एक उत्तर रसायन आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी दिले. हवेत आणि पाण्यात नको ते रसायन आहे का, हे ओळखणाऱ्या संवेदकांचे हे काम आहे. त्याची कडी थेट स्फोटके हुडकण्याच्या शास्त्राला जाऊन मिळते, म्हणून ही वाटचाल सांगायची.

रसायनशास्त्र सोलापुरात विद्यापीठाच्या आधीपासून होते. दयानंद महाविद्यालय १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे. या महाविद्यालयांनी पिढ्यान् पिढ्या विज्ञानाचे पदवीधर घडवले. विद्यापीठ झाल्यावर त्याच्या कुलगुरूंच्या यादीतही रसायनाची माणसे ठळक दिसतात. डॉ. बी. पी. बंडगर सेंद्रिय रसायनाचे, डॉ. एन. एन. मालदार पॉलिमर रसायनाचे आणि २०२३ मध्ये आलेले डॉ. प्रकाश महानवर हे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले पॉलिमरचे प्राध्यापक. मालदारांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसोबत उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरवर वर्षानुवर्षे काम केले. पॉलिमर हा शब्द इथे लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची गोष्ट पॉलिमरच्याच पातळ थरांवर उभी आहे.

भौतिकशास्त्र संकुलात डॉ. विकास पाटील यांच्या फंक्शनल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने पॉलिअनिलीन आणि पॉलिपायरोल हे वीज वाहून नेणारे पॉलिमर हाती घेतले. प्लास्टिकसारख्या पदार्थातून वीज वाहू शकते, हे दाखवणाऱ्या हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्याला दहा वर्षे होतात न होतात तोच केगावातून त्या पॉलिमरवर आधारलेल्या वायुसंवेदकांचे शोधनिबंध बाहेर पडू लागले. काहींत भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही सहभागी होते.

या कामाला महागडा कारखाना लागत नाही, आणि लहान विद्यापीठाला ते झेपले त्यामागे हेही एक कारण आहे. पॉलिमरचे द्रावण करायचे, त्यात झिंक ऑक्साइड, लोह ऑक्साइड अशा पदार्थांचे नॅनोकण मिसळायचे, काचेच्या पट्टीवर थेंब टाकून पट्टी वेगाने फिरवायची. द्रावण पसरून पातळ फिल्म तयार होते. तिला दोन टोकांना विद्युत जोडणी द्यायची, बंद पेटीत ठेवायची, मोजून वायू सोडायचा आणि रोध किती बदलतो ते पाहायचे. वायू काढून घेतल्यावर फिल्म पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, तेही मोजायचे. बाजारातले टिन ऑक्साइडचे संवेदक दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात. पॉलिमरची फिल्म खोलीच्या तापमानालाच काम करते आणि सोलापूरच्या खोलीचे तापमान काय असते, ते वेगळे सांगायला नको.

त्या निबंधांमधला एक आलेख मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, मिथेनॉल, इथेनॉल या प्रत्येकाचे दहा लाखांत शंभर भाग एवढे प्रमाण पेटीत सोडायचे आणि कोणाला फिल्म किती प्रतिसाद देते, ते उभ्या पट्ट्यांनी दाखवायचे. नायट्रोजन डायऑक्साइडची पट्टी उंच आणि बाकीच्यांच्या ठेंगण्या आल्या, तरच त्या संवेदकाला निवड करता येते असे म्हणायचे. नुसता प्रतिसाद देणे सोपे आहे. एकालाच देणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दुर्लक्ष करणे अवघड. या क्षेत्रातला खरा कस निवडीत लागतो, आणि तो धडा केगावच्या प्रयोगशाळेने वायूंवर गिरवला.

आता नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे काय, ते पाहू. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन. हाच तीन अणूंचा गट दुसऱ्या रेणूला जोडला गेला, की त्याला नायट्रो गट म्हणतात. टीएनटीमध्ये असे तीन गट असतात, पिक्रिक आम्लात तीन, आरडीएक्समध्येही तीन, फक्त तिथे ते कार्बनऐवजी नायट्रोजनला जोडलेले. या गटाला इलेक्ट्रॉनची तहान असते. पॉलिपायरोलच्या फिल्मवर नायट्रोजन डायऑक्साइड बसला, की तो फिल्ममधले इलेक्ट्रॉन ओढतो आणि रोध बदलतो. टीएनटीचा रेणू चकाकणाऱ्या पदार्थाजवळ आला, तर तोही इलेक्ट्रॉन ओढतो आणि चकाकी मंदावते. पहिल्या ठिकाणी मोजमाप विजेचे, दुसऱ्या ठिकाणी प्रकाशाचे. मूळ क्रिया एकच. काही स्फोटके तापवली की ती मोडून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि त्यांच्यावरूनही स्फोटकाचा माग काढता येतो. म्हणून स्फोटक रसायने ओळखणारे प्रकाशीय नॅनोसंवेदक हा विषय सोलापूरला परका नाही. वायूवर केलेल्या कामातूनच त्याकडे वाट जाते.

दुसरी एक वाट मात्र मला अधिक जवळची वाटते, ती रंगाची. १८७७ साली इथे पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून सूत आणि रंग यांवर हे शहर जगले. आज प्रयोगशाळांत स्फोटकाचा नमुना म्हणून सर्रास वापरले जाणारे पिक्रिक आम्ल मुळात निळीतून सापडले. पीटर वुल्फ याने १७७१ मध्ये निळीवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली, तेव्हा पिवळा पदार्थ मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या ल्याँ शहरात त्याने रेशीम पिवळे रंगवू लागले. माणसाने कारखान्यात बनवलेल्या पहिल्यावहिल्या रंगांपैकी हा एक. तो स्फोटकही आहे, याचा पुरेपूर उपयोग १८८५ नंतर फ्रान्सने तोफगोळ्यांत केला. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात टीएनटी आणि पिक्रिक आम्लाने भरलेले जहाज पेटले आणि शहराचा मोठा भाग होत्याचा नव्हता झाला.

रंगाचा धागा इथेच संपत नाही. संशयित पावडरीत आरडीएक्स आहे का, हे तपासण्याच्या जुन्या पद्धतीत त्यापासून नायट्राइट मिळवतात आणि त्यावर ग्रीसची चाचणी करतात. नमुना गुलाबी झाला की उत्तर मिळाले. तो गुलाबी पदार्थ ॲझो वर्गातला रंग असतो. सुताच्या रंगाईत ज्या वर्गाचे रंग वापरले जातात, तोच हा वर्ग. विहिरीच्या पाण्यातले नायट्राइट मोजायलाही हीच चाचणी लागते. रंगाईच्या हौदाशी ज्यांचे घर उभे राहिले, त्यांच्या मुलामुलींना हे रसायन परके वाटण्याचे कारण नाही.

आता प्रकाशाकडे येऊ. २००४ पर्यंत सोलापूर ज्या विद्यापीठाचा भाग होते, त्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. पाटील, प्रा. जी. बी. कोळेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपीची प्रयोगशाळा नावारूपाला आणली. धातूंचे आयन, औषधे अशा कितीतरी गोष्टी चकाकणाऱ्या नॅनोकणांनी ओळखण्याची पद्धत तिथे घासूनपुसून तयार झाली. पश्चिम महाराष्ट्रात हे तंत्र रुजले, त्याचे बरेचसे श्रेय त्या प्रयोगशाळेला द्यायला हवे.

तंत्र असे. पाण्यात न विरघळणारा, पण अतिनील प्रकाशात चकाकणारा सेंद्रिय पदार्थ ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवतात. त्याचे थोडे द्रावण वेगाने ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात सोडतात. पाण्यात तो रेणू विरघळू शकत नाही, म्हणून त्याचे अतिसूक्ष्म गोळे होतात आणि ते तरंगत राहतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणासारखा एखादा पदार्थ असतो. दुसरा मार्ग कार्बन बिंदूंचा. साखर, फळांची साल असा कार्बनयुक्त पदार्थ पाण्यासोबत स्टीलच्या बंद भांड्यात काही तास तापवायचा. डाळिंबाच्या सालीपासूनही असे कण करता येतात. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेव्हा कच्चा माल शोधायला लांब जायला नको.

नंतरचा प्रयोग डोळ्यांनी पाहावा असा असतो. चारही बाजूंनी पारदर्शक असलेल्या क्वार्ट्झच्या चौकोनी नळीत नॅनोकणांचे पाणी घेतात. दिव्याखाली ते निळे किंवा हिरवे चकाकते. मायक्रोपिपेटने पिक्रिक आम्लाच्या विरळ द्रावणाचा एक थेंब सोडतात, हलवतात, यंत्रात ठेवतात. पडद्यावर चकाकीचा डोंगर थोडा बसतो. आणखी एक थेंब, डोंगर आणखी बसतो. चकाकी किती घटली आणि आम्ल किती घातले, यांचे नाते स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या समीकरणात बसवतात. पिक्रिक आम्लाची बाटली मात्र जपावी लागते. ते नेहमी पाण्याने ओले ठेवायचे, धातूचा चमचा लावायचा नाही आणि झाकणाच्या आट्यांत कोरडे पिवळे कण जमले असतील, तर ते झाकण स्वतः फिरवायला जायचे नाही. ही शिस्त विद्यार्थ्यांच्या हाडीमाशी खिळली पाहिजे.

या पद्धतीची ताकद जगाला दाखवली ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या टिमोथी स्वेगर यांनी, १९९८ मध्ये. त्यांनी चकाकणाऱ्या पॉलिमरची लांब साखळी वापरली. टीएनटीचा एकच रेणू तिच्या एका ठिकाणी बसला, तरी साखळीचा मोठा पल्ला विझतो. म्हणजे थोड्याशा वाफेचाही ठसठशीत परिणाम मोजता येतो. त्यावर ‘फिडो’ नावाचे उपकरण बनले आणि ते युद्धभूमीवर वापरले गेले. एवढी संवेदनशीलता का लागते, ते आकड्यांवरून कळते. साध्या तापमानाला टीएनटीची वाफ हवेच्या अब्ज रेणूंमागे मोजक्याच रेणूंइतकी असते. आरडीएक्सची त्याहूनही हजार पटींनी कमी.

पण संवेदनशीलतेवर थांबून भागत नाही. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. द्राक्षबागेला ठिबकमधून ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ सोडून तो तालुक्याला निघाला आहे. या विद्राव्य खतात असते पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला सोरा तो हाच. त्याच्या बोटांवर, खिशावर, मोटारसायकलच्या मुठीवर त्याचे कण आहेत. शेजारच्या गावात विहिरीला सुरुंग लावणारा मजूर आहे, त्याच्या सदऱ्यावर जिलेटिन कांडीचा अंश आहे आणि ते काम तो परवान्याने करतो. बसमध्ये बसलेल्या आजोबांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आहे आणि तीही नायट्रेट गटातलीच. रंगाईच्या कामगाराच्या हातावर नायट्रो गट असलेली रसायने असू शकतात. नायट्रो म्हटले की ओरडणारा संवेदक या सगळ्यांना अडवील. तपासणीच्या टेबलापाशी उभा राहिलेला निरपराध माणूस आणि त्याच्यावर रोखलेल्या नजरा, हा त्या चुकीचा खरा खर्च आहे. शोधनिबंधात निवडक हा शब्द लिहिताना तो माणूस आठवला पाहिजे.

म्हणून प्रयोगाचा कंटाळवाणा भाग सर्वांत महत्त्वाचा. फिनॉल, नायट्रोफिनॉल, डायनायट्रोटोलुईन, टोलुईन, नायट्रेट, क्लोराइड, लोखंड, तांबे, एकेक पदार्थ घालून चकाकी ढळते का ते पाहायचे. मग सगळे एकत्र असताना पिक्रिक आम्ल ओळखू येते का, ते पाहायचे. मग नळाचे पाणी, तळ्याचे पाणी, शेतातली माती. निवड येते ती कणाच्या पृष्ठभागावरच्या रचनेतून. पिक्रिक आम्ल हे फार तीव्र आम्ल आहे, त्यामुळे कणावर अमाइन गट बसवले तर ते त्यांच्याकडे धावते. टीएनटी तीव्र आम्ल नाही. मात्र अमाइनशी त्याचे तांबूस रंगाचे संयुग तयार होते, त्याचा फायदा घेता येतो. ट्रायॲसिटोन ट्रायपेरॉक्साइडसारख्या स्फोटकात नायट्रो गटच नसतो. तिथे ही सारी युक्ती निकामी ठरते आणि पेरॉक्साइड ओळखणारी वेगळी रचना करावी लागते.

या विषयावर जगभर निबंधांचा पाऊस पडला आहे आणि त्यातल्या बऱ्याच दाव्यांकडे मी सावधपणे पाहतो. पिक्रिक आम्ल स्वतः पिवळे आहे. जो प्रकाश देऊन आपण कण चकाकवतो, तोच प्रकाश ते वाटेत गिळून टाकते. मग चकाकी कमी झाली, ती कणाशी काही घडल्यामुळे की कणापर्यंत प्रकाश पोहोचलाच नाही म्हणून? चकाकीचा आयुष्यकाल नॅनोसेकंदात मोजला, प्रकाश किती गिळला गेला याची दुरुस्ती केली, तरच याचा उलगडा व्हायला मदत होते. ते न करता निवडकतेचा दावा करणारा निबंध छापून येतो, पण त्यावर उपकरण उभे राहत नाही. आपल्या विद्यापीठांनी कमी निबंध लिहावेत आणि ही एक तपासणी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

उपकरणाची गोष्ट निघाली की पुण्याकडे वळावे लागते. पाषाणची हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आपले मूळ १९०८ मध्ये नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयात सांगते. १९६० मध्ये पुण्यात स्फोटकांच्या संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून ती उभी राहिली आणि १९९५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. स्फोटके बनवण्याचे ज्ञान जिथे आहे, तिथेच ती ओळखण्याचे संच तयार झाले. तिथल्या एक्स्प्लोझिव्ह डिटेक्शन किटमध्ये रसायनांच्या छोट्या बाटल्या असतात. संशयित पावडरीच्या चिमटीवर थेंब टाकायचे आणि उमटणाऱ्या रंगावरून स्फोटकाचा गट काही मिनिटांत ओळखायचा. प्रयोगशाळेत न जाता, रस्त्याच्या कडेला उभे राहून पोलिसाला हे करता येते. ऑगस्ट २०१३ मध्ये हा संच अमेरिकेच्या बाजारात उतरवला गेला. २०२० च्या मार्चमध्ये या प्रयोगशाळेने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून तयार केलेले ‘रेडर-एक्स’ पुण्यातच सादर झाले. ते दोन मीटरपर्यंतच्या अंतरावरून, हात न लावता, स्फोटक ओळखते.

मुंबईतही याच दिशेने काम झाले. आयआयटी मुंबईच्या आश्रयाने वाढलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीजचा ‘नॅनोस्निफर’ ९ एप्रिल २०२१ रोजी जाहीर झाला. नॅनोग्रॅमएवढा अंश दहा सेकंदांच्या आत पकडणारे हे देशी यंत्र सूक्ष्म संवेदकावर चालते. स्फोटके वेळेत न सापडण्याची किंमत मुंबईने आधीच मोजली आहे. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. कुत्र्याच्या नाकाला आजही तोड नाही. पण कुत्रा थकतो, त्याला प्रशिक्षक लागतो आणि प्रत्येक बसस्थानकावर, प्रत्येक पालखी मुक्कामावर तो पुरवता येत नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे उतरतात. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे, आणि स्वस्त, खिशात मावणाऱ्या, साध्या शिपायाला वापरता येणाऱ्या चाचणीपट्टीची गरज त्या गर्दीइतकी दुसरीकडे क्वचितच असेल.

केगाव आणि पाषाण यांच्यात रस्त्याचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. संशोधनातले अंतर यापेक्षा जास्त पडते आणि त्याचे कारण साधे आहे. विद्यापीठाच्या कपाटात आरडीएक्स किंवा पीईटीएन यांसारखी खरी स्फोटके नसतात, नसावीतही. म्हणून विद्यापीठातला संशोधक पिक्रिक आम्ल आणि डायनायट्रोटोलुईन यांवरच थांबतो, निबंध लिहितो आणि पट्टी कपाटात राहते. पिक्रिक आम्लावर उत्तम चालणारा कण आरडीएक्ससमोर ढिम्म राहू शकतो, कारण आरडीएक्सचा रेणू सपाट नाही आणि इलेक्ट्रॉनही इतक्या सहज ओढत नाही. ही परीक्षा परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच होऊ शकते. त्यासाठी विद्यापीठाने संवेदक पाठवायचा आणि तिथे तो खऱ्या स्फोटकावर तपासला जायचा, अशी कायमची व्यवस्था हवी. एखाद्या प्रकल्पापुरता करार करून भागणार नाही, कारण पहिल्या तपासणीत बहुतेक संवेदक नापास होतात आणि दुसरा, तिसरा नमुना पाठवेपर्यंत प्रकल्पाची मुदत संपलेली असते.

परीक्षेचा दुसरा अर्धा भाग सोलापुरातच घ्यायचा आहे. पट्टी द्राक्षबागेतून आलेल्या हातावर ठेवायची, रंगाईच्या पाण्यात बुडवायची, छातीदुखीच्या गोळीच्या भुकटीवर टेकवायची, सुरुंगाच्या कामावरून परतलेल्या मजुराच्या सदऱ्यावर घासायची आणि प्रत्येक वेळी ती काय म्हणते ते टिपून ठेवायचे. जिलेटिन खरेच स्फोटक असते, म्हणून त्यावर तिने बोलायला हवे, बाकी सगळीकडे गप्प राहायला हवे. त्या नोंदींची वही पाषाणला जाणाऱ्या पहिल्या पाकिटातच घालावी.